निशाणीचा कारभार

ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज मागे घेण्याची मुदत ज्या दिवशी दुपारी तीन वाजता संपते, त्या दिवशी तहसील कचेरीच्या आवारात जमणारी गर्दी मतदानाच्या दिवशीच्या गर्दीहून कमी उत्सुक नसते. कारण तीनच्या ठोक्यापर्यंत कोण कोणाच्या भिडेखातर माघार घेतो एवढाच प्रश्न असला, तरी तो ठोका पडून गेल्यावर कचेरीत जे घडते त्यावर पुढचा सारा प्रचार उभा राहावयाचा असतो. निवडणूक निर्णय अधिकारी मुक्त चिन्हांची यादी पुढ्यात घेतो, उमेदवारांनी नोंदवलेली पसंती पाहतो, एकाच चिन्हावर दोघांनी हक्क सांगितला तर प्रसंगी चिठ्ठ्या टाकतो. आणि मग सकाळपर्यंत केवळ अमुक भावकीतला अमुक असलेला इसम दिवेलागणीला गावात परततो तो छत्री, कपाट, कपबशी, पतंग किंवा शिलाई यंत्र होऊन.

राजकीय पक्षांची राखीव चिन्हे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत वापरता येत नाहीत, ही गोष्ट शहरी वाचकाच्या सहसा ध्यानात नसते. महानगरपालिकेत, नगरपरिषदेत, जिल्हा परिषदेत जी चिन्हे झुंजतात ती मतदाराच्या मनात पूर्वीच वस्तीला आलेली असतात. गावात मात्र दर पाच वर्षांनी पाटी कोरी होते. राज्यातील १४ हजार २३४ ग्रामपंचायतींचा निवडणूक कार्यक्रम जाहीर झाला तेव्हा चिन्हे वाटली गेली ती ४ जानेवारी २०२१ रोजी, आणि मतदान ठरले होते १५ जानेवारीला. प्रचाराची सांगता त्याआधीच होत असल्याने, काल ज्याचा त्या माणसाशी कसलाही संबंध नव्हता असे एक चित्र गावातील प्रत्येक मतदाराच्या डोक्यात त्याच्या नावाशी जखडून टाकण्यास उमेदवाराच्या हाती जेमतेम नऊ दिवस उरले होते.

हे चित्र डोक्यातच बसवावे लागते, कारण ते हातात देऊन भागत नाही. मतदान केंद्रापासून शंभर मीटरांच्या आत प्रचाराला मज्जाव असतो. त्या हद्दीत ना झेंडा चालतो, ना बिल्ला, ना फलक. कार्यकर्त्याच्या टेबलावरून मिळणारी चिठ्ठीदेखील साधी पांढरी असावी, तीवर उमेदवाराचे नाव अथवा चिन्ह असू नये, असा दंडक आहे. म्हणजे त्या शंभर मीटरांत मतदार आपल्या स्मृतीखेरीज दुसरे काहीही बरोबर नेऊ शकत नाही. निवडणुकीतील फलक, भिंत, पत्रक यांची जी काही कला असेल तिची कसोटी माझ्या मते याच शंभर मीटरांत लागते: मन वळविणे हे तिचे काम नाही, ते भावकी, पाणीपट्टी, रस्ता आणि जुने हेवेदावे करीतच असतात, वळलेले अथवा न वळलेले मन यंत्राच्या बटणापर्यंत बिनचूक पोहोचविणे एवढेच तिचे काम. गेल्या काही निवडणुकांत भिंती रंगविणारे जुने पेंटर आणि फ्लेक्स छापणारे नवे कारागीर यांच्याकडे जाऊन बसलो, त्यांचे काम पाहिले, तेव्हा हे काम एके काळी किती डोळसपणे होत असे आणि आता ते किती आंधळेपणाने पार पडते, हे माझ्या नजरेस आले.

चिन्हांची व्यवस्था या देशात आली ती निरक्षरतेच्या सोयीसाठी. १९३७ च्या प्रांतिक निवडणुकांत मद्रास प्रांतात काँग्रेसची पेटी पिवळ्या रंगाची होती आणि त्या रंगाच्या नावानेच मते मागितली गेली. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत प्रत्येक उमेदवाराची पेटीच वेगळी ठेवण्यात आली व तीवर त्याचे चिन्ह डकविण्यात आले. मतदाराने शिक्का मारावयाचा नव्हता, केवळ आपली पेटी ओळखून तीत मतपत्रिका टाकावयाची होती. या खटाटोपासाठी मुंबईत विक्रोळीच्या गोदरेज कारखान्यात बारा लाखांहून अधिक पोलादी पेट्या तयार झाल्या. पुढे साठीच्या दशकात एकाच मतपत्रिकेवर सर्वांची नावे व चिन्हे छापून शिक्का मारण्याची पद्धत रूढ झाली, तेव्हा पेटीवरचे चिन्ह कागदावरच्या बोटभर चौकटीत येऊन बसले. आणि चित्र लहान झाले की रेषेचे महत्त्व वाढते, या न्यायाने रेखाटनाचा प्रश्न प्रथमच गंभीर झाला.

ज्या हाताने ही बहुतेक रेखाटने केली तो हात एका सरकारी ड्राफ्ट्समनचा होता. दिल्लीच्या निर्वाचन आयोगातील एम. एस. सेठी हे १९९२ साली निवृत्त झाले. त्यांच्या पश्चातही त्यांनी पेन्सिलीने काढलेल्या वस्तू मुक्त चिन्हांच्या यादीत टिकून राहिल्या. अधिकारी मंडळी एकत्र बसत, सामान्य माणसाच्या नित्य परिचयातल्या वस्तू आठवीत, आणि सेठी त्या कागदावर उतरवीत; त्यामुळे या यादीत आपल्या गृहस्थीचा जो संसार दिसतो तो विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मध्यम स्थितीच्या घरातला आहे. फळीवरचा रेडिओ, पायाने चालवायचे शिलाई यंत्र, टेबलपंखा, लाकडी कपाट, कंदील हे सारे त्यात आहे. कलेच्या इतिहासात या गृहस्थांचे नाव कोणी नोंदविणार नाही; परंतु ज्यांची चित्रे कोट्यवधी माणसांनी पाहिली, लक्षपूर्वक पाहिली, आणि पाहून त्यावर निर्णय घेतला, असे चित्रकार या देशात किती निघतील? प्राण्यांची चिन्हे नव्याने देणे पुढे बंद झाले, कारण उमेदवार जिवंत जनावरे मिरवणुकीत फिरवू लागले व त्यावर हरकती आल्या. निर्जीव वस्तूंना अशी हरकत नसल्याने गावच्या प्रचारफेरीत भर हिवाळ्यात उघडलेल्या छत्र्यांचा जथा जाताना दिसतो, आणि तो गावात कोणालाही विचित्र वाटत नाही.

उमेदवारांना चांगले चिन्ह कोणते हे कोणी शिकवावे लागत नाही. काढावयास सोपे, उच्चारावयास सोपे, आणि शक्य तर हातात धरून मिरविता येईल असे चिन्ह ते मागतात. छत्रीला अर्धवर्तुळाकार माथा आणि सरळ दांडा एवढेच पुरते. पतंगाला चौकोन आणि शेपूट. याउलट रोड रोलर वाट्याला आला तर तो रंगविणे हे पेंटरला दुप्पट काम आणि म्हातारीला सांगणे हे कार्यकर्त्याला तिप्पट काम.

रेखाटनातील उणीव किती महाग पडू शकते याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण स्थानिक निवडणुकीतले नसून लोकसभेचे आहे, तरी ते इथे टाळता येत नाही. शरद पवार यांच्या पक्षाला फेब्रुवारी २०२४ मध्ये तुतारी वाजविणारा माणूस हे चिन्ह मिळाले, आणि त्याच वर्षीच्या निवडणुकीत ठिकठिकाणी काही अपक्षांना ट्रम्पेट, म्हणजे पिपाणीसारखे वाद्य, मुक्त चिन्ह म्हणून मिळाले. साताऱ्यात उदयनराजे भोसले ३२ हजार ७७१ मतांनी विजयी झाले, तर त्या वाद्याच्या चिन्हावरील अपक्षाला ३७ हजारांहून अधिक मते पडली. दिंडोरीत पवारांचा उमेदवार निवडून आला खरा, परंतु त्या वाद्याने तिथे एक लाखाहून अधिक मते नेली. ही सारीच मते चुकून पडली असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये. दिंडोरीत तर आडनावातले साम्यही होते. तथापि दोन्ही चित्रे शेजारी ठेवून पाहावीत. एकात पागोटे, अंगरखा, हात, पाय असलेली संपूर्ण मनुष्याकृती एवढ्याशा चौकटीत कोंबलेली आणि वाद्य म्हणजे तिच्या डोक्यावरची एक बारीक वक्ररेषा. दुसऱ्यात केवळ वाद्य, चौकट भरून. प्रचारसभेत खरी तुतारी कानठळ्या बसेपर्यंत फुंकलेली ऐकून आलेला मतदार यंत्रापुढे वाद्य शोधणार, माणूस शोधणार नाही.

आता भिंतीकडे वळू. सातारा जिल्ह्यातील एका बाजाराच्या गावी जुन्या एस.टी. स्टँडमागच्या बोळात ज्यांचे दुकान होते ते पेंटर आता सत्तरीच्या घरात आहेत. त्यांनी मला पहिल्यापासून ‘गुरुजी’ म्हणून संबोधले, ते बहुधा माझ्या चष्म्यामुळे असावे. विधानसभेपासून विकास सोसायटीपर्यंतच्या निवडणुका त्यांनी भिंतीवर लढविल्या, आणि स्वतः कोणत्याही पार्टीचे नसल्यामुळे सर्व पार्ट्यांचे काम केले. आमच्या आग्रहावरून त्यांनी आपल्या परसातील भिंतीवर एक छत्री काढून दाखविली, तो प्रकार पाहण्यासारखा होता.

प्रथम भिंतीला चुन्याचा हात. चुन्यात डिंक किंवा सरस घातला नाही तर टेकणाऱ्याच्या पाठीला पांढरे लागते आणि घरधनीण उमेदवाराला शिव्या देते, म्हणून ते प्रमाण सांभाळावयाचे. हात वाळला की निळीत बुडवलेली दोरी दोघांनी दोन टोकांना ताणून मधोमध टिचकी मारावयाची, की भिंतीवर सरळ निळी रेघ उमटते. अशा दोन रेघा: वरची शिरोरेषेची, खालची अक्षरांच्या पायांची. आणि त्या दोन्हींच्या पलीकडे मात्रा-वेलांट्यांसाठी वर व उकारांसाठी खाली चार-चार बोटे जागा मोकळी. “नवशिका विसरतो ती हीच जागा, गुरुजी,” ते म्हणाले. “मग ‘कुलकर्णी’तला उकार गटारात जातो.” छत्रीसाठी त्यांनी भिंतीत एक खिळा ठोकला, त्याला सुतळी बांधली, सुतळीच्या टोकाला खडू, एका फेऱ्यात अर्धवर्तुळ. खालच्या कडेला कमानी, वर टोक, मधून दांडा, आणि दांड्याची मूठ सरकारी यादीतल्या चित्रात ज्या बाजूला वळलेली असेल नेमकी त्याच बाजूला वळलेली. यात सौंदर्यदृष्टीचा अंश नसून निव्वळ व्यवहार आहे: भिंतीवर पाहिलेली छत्री आणि यंत्रावर दिसणारी छत्री यांत तिळमात्र अंतर पडता कामा नये. मग गेरूने आतला भाग भरला, काळ्याने कड दिली, आणि शेवटी नाव लिहिले. आडनाव मोठे, स्वतःचे नाव मध्यम, वडिलांचे नाव जवळजवळ अदृश्य.

“आडनाव एवढं मोठं का?” मी विचारले.

“अहो, वार्डात तीन सुरेश असत्यात. पण आडनाव बी पाच जणांचं एकच. म्हणून तर निशाणी लागती.”

लहान घरांच्या दारांवर व खांबांवर छाप मारण्यासाठी ते दवाखान्यातून आणलेल्या जुन्या एक्स-रे फिल्मा वापरीत. ती फिल्म भिजत नाही, दुमडत नाही, धारदार पात्याने सुबक कापली जाते. कोणाच्या तरी मोडलेल्या हाडाच्या छायेत छत्रीचा आकार कोरून तो गावभर उमटविला जाई. मोठी भिंत कोठे धरावी याविषयीही त्यांचे ठाम मत होते. वाहत्या रस्त्याच्या कडेची लांबलचक भिंत उमेदवाराला आवडते, पण ती फुकट. माणूस जिथे उभा राहतो ती भिंत खरी. पिठाची गिरणी, दूध संकलन केंद्र, रेशनचे दुकान, एस.टी.चा थांबा. दळणाचा नंबर येईपर्यंत बाई समोरची छत्री वीस मिनिटे पाहत उभी असते, आणि तिच्या मनात दुसरा काहीही विचार चालू असला तरी डोळे आपले काम करीत असतात. जाहिरातशास्त्राच्या पोथ्यांत हे तत्त्व बऱ्याच पानांत सांगितलेले असते.

भिंतीला दुसरेही एक काम असे, आणि ते मतदाराच्या स्मृतीशी नव्हे तर गावाच्या राजकारणाशी निगडित होते. ज्याच्या घराच्या भिंतीवर छत्री आली ते घर छत्रीचे झाले, असे गाव धरून चालते. त्यामुळे भिंत मागावयास आलेल्या माणसाला काय उत्तर द्यावे हा घरमालकापुढे मोठाच पेच असतो. नकार देणे म्हणजे वैर पत्करणे आणि होकार देणे म्हणजे दुसऱ्या बाजूचे वैर पत्करणे. कित्येक शहाणी माणसे ऐन मुहूर्तावर घराला नवा रंग देऊन मोकळी होतात. एका वाड्याची पूर्वेची भिंत एका पार्टीला आणि पश्चिमेची दुसरीला दिलेली मी पाहिली. दोघे भाऊ एकाच चुलीवर जेवत होते, आणि कोणत्याही बाजूचे पॅनेल आले तरी वाड्यापुढचा रस्ता होणार होता.

ही कला मोडली ती दोन बाजूंनी. शेषन हे १९९० च्या अखेरीस मुख्य निवडणूक आयुक्त झाल्यावर आचारसंहितेचा जो बडगा सुरू झाला त्यात भिंती रंगविणे सर्वप्रथम सापडले. १९९५ साली राज्याने मालमत्तेचे विद्रूपीकरण रोखणारा कायदा केला, खासगी भिंतीसाठी मालकाच्या लेखी संमतीचा कागद कचेरीत दाखल करण्याची रीत आली, शहरांत तर भिंत जवळजवळ बादच झाली. कायद्याचा हेतू उत्तम होता, यात मला शंका नाही. पण भिंत गेली आणि त्या रिकाम्या जागेत फ्लेक्स आला. त्याने शहराचे रूप अधिक सुधारले असे म्हणण्याचे धाडस मुंबई उच्च न्यायालयाने ३१ जानेवारी २०१७ रोजी साताऱ्याच्या सुस्वराज्य फाउंडेशनच्या जनहित याचिकेवर अवैध फलकांविरुद्ध दिलेला निकाल वाचल्यावर कोणी करणार नाही. आमच्या पेंटरांना मात्र या कायद्याने वेगळाच न्याय दिला: स्वच्छ सर्वेक्षणाच्या निमित्ताने नगरपरिषदेने त्याच सार्वजनिक भिंतींवर झाडे, पक्षी आणि कचऱ्याच्या दोन डब्यांची चित्रे काढण्याचे काम त्यांना दिले, व त्याचे देयक रीतसर मंजूर झाले.

पुण्याच्या एका उपनगरात फ्लेक्स छापणाऱ्या दुकानात मी काही रात्री बसलो, कारण या धंद्याचा दिवस रात्री नऊनंतर उगवतो. यंत्रापुढे एक मराठवाड्यातला तरुण बसला होता; परस्परांविरुद्ध उभ्या असलेल्या दोन उमेदवारांच्या फायली एकाच पडद्यावर दोन बाजूंना उघड्या होत्या, आणि एकाचा माणूस आत आला की दुसरी फाईल तो सफाईने खाली घेत असे. त्याच्याकडून मी फ्लेक्सची जी शिस्त शिकलो ती एखाद्या दरबाराच्या रिवाजाइतकी काटेकोर आहे. सर्वांत वर महापुरुषांची पट्टी. तिच्याखाली राष्ट्रीय, प्रांतिक, जिल्ह्याचे नेते वर्तुळांत. कोणाचे वर्तुळ कोणाच्या उजवीकडे आणि किती मोठे, यावरून उत्तररात्री फोन येतात. मध्ये हात जोडलेला उमेदवार, पाठीमागून सूर्योदय. नावाला सोनेरी उठाव, काळी कड आणि पांढरी आभा. नावाआधी ‘कार्यसम्राट’ अथवा ‘युवा नेतृत्व’, नावानंतर कंसात ‘भाऊ’, ‘दादा’ किंवा ‘अण्णा’. सर्वांत खाली शुभेच्छुकांची रांग, कोणी काळा चष्मा लावलेला, कोणी कानाला मोबाईल धरलेला. या साऱ्यांची व्यवस्था लावून झाल्यावर उजव्या कोपऱ्यात जी जागा उरेल तिथे चिन्ह. आणि त्याहून खाली, भिंग घेऊन वाचावी अशा अक्षरांत, कायद्याने मागितलेली मुद्रक-प्रकाशकाची ओळ.

“सर, मी सांगून बघितलं, निशाणी मोठी घेऊ या,” तो तरुण म्हणाला. “तर म्हणतात, मग आमच्या पोरांचे फोटो कुठं जाणार?”

फलक लिहिणाऱ्यांत एक जुना ठोकताळा आहे: अक्षराच्या दर इंच उंचीला दहा फूट अंतर. दोन इंची अक्षर वीस फुटांवरून वाचता येते, त्यापलीकडून नाही. देवनागरीत वर-खाली मात्रा-उकारांची गर्दी असल्याने थोडे कमीच धरावे. ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणारा दुचाकीस्वार एका सेकंदात सुमारे छत्तीस फूट ओलांडतो. म्हणजे शुभेच्छुकांची ती दोन इंची नावे त्याच्या दृष्टीच्या टापूत येऊन निसटून जाण्यास अर्ध्या सेकंदाहून थोडाच अधिक वेळ लागतो, आणि नावे असतात चाळीस. कमल शेडगे यांनी नाटकांच्या जाहिरातींतून मराठी वाचकाला एकेका शब्दाचे रूप वर्षानुवर्षे दाखविले. दोन-तीन अक्षरांच्या वळणात नाटकाचा स्वभाव उतरविता येतो हे ज्या समाजाने पाहिले, त्याच समाजाच्या चौकात एकही अक्षर धड न वाचता येणारे दोनशे चौरस फूट कापड उभे राहावे, याचे कारण कलेचा ऱ्हास हे नव्हे. कारण असे की, फ्लेक्सचा उद्दिष्ट वाचक मतदार नव्हेच. तो छापला जातो वरच्या पट्टीतील नेत्याने पाहावा म्हणून आणि खालच्या रांगेतील पोरांनी स्वतःला पाहून घ्यावे म्हणून. ज्याचा फोटो फ्लेक्सवर आला तो तरुण पंधरा दिवस राबतो. या हिशेबाने पाहिले तर फ्लेक्स हे मनुष्यबळ उभारण्याचे साधन म्हणून फारसे महाग नाही. भिंतीच्या काळी रंग महाग, वेळ थोडा आणि हात एकच असल्यामुळे पेंटरला निवड करावीच लागे. चौरस फुटाच्या दराने छापणाऱ्या यंत्रापुढे निवड करण्याची गरज कोणालाच उरली नाही.

अशा फलकांनी खरोखरच मते पडतात काय, या प्रश्नाचा पद्धतशीर शोध अमेरिकेत झाला आहे. तिथे घरापुढच्या हिरवळीत उमेदवाराच्या नावाची लहान पाटी रोवण्याची चाल आहे. डोनाल्ड ग्रीन, अलेक्झांडर कॉपॉक आणि त्यांचे सहकारी यांनी चार निरनिराळ्या निवडणुकांत, चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या मतदान विभागांत अशा पाट्या लावल्या, उरलेल्या विभागांत लावल्या नाहीत, आणि निकाल ताडून पाहिले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात सरासरी फरक पावणेदोन टक्क्यांच्या आसपास निघाला. त्यापूर्वी २०१३ साली सिंडी कॅम आणि एलिझाबेथ झेकमाइस्टर यांनी नॅशव्हिल शहरात एका शाळेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत अस्तित्वातच नसलेल्या उमेदवाराच्या पाट्या लावल्या, आणि मग शाळेतील मुलांच्या पालकांना विचारले, तेव्हा त्या रस्त्याने ये-जा करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी त्या काल्पनिक गृहस्थाला आपल्या पसंतीच्या पहिल्या काहींत स्थान दिले होते. नाव पाहिले, ओळखीचे वाटले, आणि ओळखीचे म्हणून बरे वाटले. पिठाच्या गिरणीसमोरची छत्री याहून निराळे काही करीत नव्हती.

पावणेदोन टक्के ही रक्कम लोकसभेला क्षुल्लक वाटेल. परंतु वार्डात चार-पाचशे मतदार असतील तर पावणेदोन टक्के म्हणजे सात-आठ मते, आणि सात-आठ मतांनी पडलेली माणसे प्रत्येक तालुक्यात भेटतात. मुंबईसारख्या ठिकाणीही २०१७ च्या महानगरपालिका निवडणुकीत २२० क्रमांकाच्या प्रभागात शिवसेना आणि भाजप यांच्या उमेदवारांना समसमान मते पडून अखेर चिठ्ठी टाकावी लागली व भाजपचे अतुल शाह नगरसेवक झाले. अमेरिकेतील आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू करणे मात्र चुकीचे ठरेल. तिथे मतपत्रिकेवर नाव असते, म्हणून पाटीवरही नाव मोठे. आपल्याकडे यंत्रावर चित्र असते, आणि जो फलक चित्राला कोपऱ्यात ढकलतो त्याला पावणेदोन टक्क्यांतले किती पदरात पडतील याविषयी मी साशंक आहे. चार सदस्यांच्या प्रभागात तर गोंधळ चौपट होतो. एकाच मतदाराने अ, ब, क, ड अशी चार मते द्यावयाची. पक्षाच्या उमेदवारांना निदान चारही ठिकाणी एकच चिन्ह, पण अपक्षांच्या आघाडीची बहुधा चार वेगळी. अशा वेळी रस्त्यावरचा फ्लेक्स निरुपयोगी ठरतो आणि कामाला येते ते घरोघर वाटलेले नमुना मतपत्रिकेचे पत्रक, ज्यावर अनुक्रमांक, नाव आणि चिन्ह यांखेरीज काही नसते. ते छापावयास सर्वांत स्वस्त आणि उमेदवाराच्या दृष्टीने सर्वांत नीरस असते. निवडणूक कार्यालयाच्या दरपत्रकात चहा आणि वडापाव यांच्या शेजारी फ्लेक्सचा चौरस फुटाचा भावही लिहिलेला असतो. सात ते नऊ सदस्यांच्या ग्रामपंचायतीत सदस्यपदाच्या उमेदवाराला २०१७ पासून पंचवीस हजार रुपयांची खर्चमर्यादा होती, तीत मोठे फ्लेक्स किती मावतील याचा हिशेब कोणीही करून पाहावा.

शब्दांनी जिंकलेला फलक मला एकच आठवतो. १९६७ साली दक्षिण मुंबईत स. का. पाटील यांच्यासारख्या, मुंबईचे अनभिषिक्त राजे म्हणविल्या जाणाऱ्या माजी महापौरांविरुद्ध महानगरपालिकेतील एक तरुण नगरसेवक, जॉर्ज फर्नांडिस, उभे राहिले. आणि त्यांच्या भित्तिपत्रकांनी आपल्या उमेदवाराची थोरवी गाण्याऐवजी, पाटील हरू शकतात आणि त्यांना हरविणे मतदाराच्या हाती आहे, एवढेच सांगितले. मतदाराला जे अशक्य वाटत होते तेच त्याच्या कानी घालून ते शक्य कोटीत आणले. त्या पत्रकावर वर्तुळांची पट्टी नव्हती आणि शुभेच्छुकही नव्हते.

दुकानातल्या तरुणाला मी विचारले की, हंगामातले सर्वाधिक काम कधी असते; प्रचाराच्या शेवटच्या आठवड्यात असेल, असा माझा अंदाज होता. तो हसला आणि त्याने पडद्यावर दोन फायली उघडल्या, दोन्ही प्रतिस्पर्ध्यांच्या, दोन्हींवर ‘प्रचंड मतांनी विजयी झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’, गुलाल उधळलेला, फोटोंची जागा भरलेली, मताधिक्याचा आकडा तेवढा कोरा. मतमोजणीला अजून तीन दिवस होते. खरे काम निकालाच्या रात्री असते, तो म्हणाला. प्रचारात जेवढे फ्लेक्स निघतात त्याच्या दुपटीने त्या एका रात्री निघतात, कारण तेव्हा प्रत्येकालाच निवडून आलेल्याच्या शेजारी आपला फोटो हवा असतो, हरलेल्या बाजूच्या काही जणांनासुद्धा. “आणि हरणाऱ्याची फाईल?” मी विचारले. तो म्हणाला, “ठेवतो की सर. सहा महिन्यांत त्यांचा वाढदिवस येतो. वरची ओळ बदलली की झालं.”